जानरावची गोळ्यांची पेटी

"बाबा, मोठबानं खरंच लोकाईले फसवलं होतं काय?"

चांगुणानं हा प्रश्न भाकरीचा पहिला घास घ्यायच्या आधीच विचारून टाकला. घास पोटात गेला की धीरही त्याच्यामागं खाली उतरतो, असा तिचा अनुभव होता. आणि आज धीर सुटून चालणार नव्हतं, कारण पैज लागली होती. दुपारच्या सुट्टीत शाळेमागच्या बोरीखाली पुष्पी म्हणाली होती, "वक्तृत्वात पहिली आली म्हणून लय नाक वर करून राह्यली तू. घरी विचारून दाखव तं खरं, तुझ्या मोठबाले जत्रेत काऊन मारलं." त्यावर विमल म्हणाली, "ते काय विचारते? घरात मांजर होते तिची."

तीन आठवड्यांपूर्वीची चांगुणा असती तर गप्प बसली असती. पण मधल्या काळात ती खामगावला जाऊन दोनशे लोकांसमोर सात मिनिटं न अडखळता बोलून आली होती, आणि तेव्हापासून जगात कुणालाही काहीही विचारता येतं असं तिला वाटू लागलं होतं. "आजच विचारतो," ती म्हणाली होती. "लावा पैज, ओंजळभर बोरांची."

तिच्या बाबांनी, किसनरावांनी, ताटातच हात धुतला, उठले आणि बाहेर निघून गेले. दीड भाकर तशीच राहिली.

"झालं समाधान?" आई म्हणाली. गीताबाईंचा आवाज कधी चढत नसे, तो नुसता जड होई. "कापसाच्या जिनात राबून आलेल्या माणसाले दोन घास खाऊ नाई देल्ले."

"मंग तू सांग, माय."

"काय सांगू? लबाडी होती. साऱ्या जत्रेनं पाह्यलं. जेव आता."

जानराव म्हणजे किसनरावांचे थोरले भाऊ, चांगुणाचे मोठबा. लढाईच्या काळात ते फौजेच्या खानावळीत कामाला होते. लढाई संपली, देवळालीच्या छावणीतलं सामान लिलावात निघालं, आणि बाकीचे लोक ब्लँकेटं नि पातेली घेत असताना या माणसानं गोऱ्या शिपायांच्या करमणुकीची एक पेटी घेतली. चार पायांची, उतरत्या फळीची, वर काच असलेली. मालगाडीनं ती घरी, नांदुऱ्याला आणली. फळीवर शंभरावर खिळे ठोकलेले आणि मधे मधे भोकं. उजव्या हाताचा खटका ओढून सोडला की लोखंडी गोळी वर उडायची आणि खिळ्यांवर टणटण आपटत खाली यायची. कुठल्या भोकात पडेल त्यावर बक्षीस. कंगवा, आरसा, साबणाची वडी, आणि मधल्या मोठ्या भोकाला भिंतीवरचं घड्याळ. इंग्रजीत तिला पिनबॉल म्हणतात असं चांगुणाला शाळेत कळलं होतं. घरात ती पेटीच होती, तीही कुणी नाव न घेता.

मोठबा ती पेटी घेऊन जत्रा करत फिरायचे. मग एका जत्रेत लोकांनी पेटी लबाडीची आहे म्हणून त्यांना मारलं. त्या गावाचं नाव घरात कुणी उच्चारत नसे. दोन महिने ते बाजेवर होते, नंतर छातीत पाणी झालं आणि गेले. चांगुणा तेव्हा चार वर्षांची. तिला त्यांची एकच गोष्ट आठवे: आपल्या अंगठ्यावर त्यांचा खरबरीत अंगठा, खटका मागं येतोय, आणि सुटला की पोटात गुदगुल्या.

आता अकरा वर्षं पेटी कोठ्यात शेळीच्या दावणीशेजारी पोत्यांखाली पडून होती.

चांगुणाचा हिशेब सरळ होता. पेटी दुरुस्त करायची, शाळेच्या स्नेहसंमेलनात ठेवायची, आणि पुष्पीच्या डोळ्यांदेखत गोळी मोठ्या भोकात पाडायची. गोळी पडली म्हणजे पेटी खरी, आणि पेटी खरी म्हणजे मोठबा खरे. भाषणात असंच मुद्द्यावरून मुद्द्यावर जायचं असतं.

यात मोठमायचाही भाग होता. मोठबांची बायको तानाबाई आता मेहकरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. मागच्या वर्षी तिथल्या एका लग्नात चांगुणा तिच्या खोलीवर गेली होती. भिंतीवर सगळ्यांचे फोटो होते, मोठबांचा नव्हता. "त्याहीचा काऊन नाई?" असं विचारल्यावर मोठमाय तवा घासता घासता म्हणाली होती, "लबाडाचा फोटो कोन लावते वं? मेला तेव्हाई मी बोलत नव्हती त्याच्यासंगं. पानी मागे तं पोरीच्या हातानं द्यायची, तुझ्या हातानं." मग तिनं तवा उलटा करून दुसरी बाजू घासायला घेतली होती.

ते चांगुणाच्या मनातून गेलं नव्हतं.

"बाबा, मी पेटी दुरुस्त करतो," तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"जळणात टाक," किसनराव म्हणाले.

"चांगलं लाकूड आहे."

"म्हणूनच. चांगलं जळन." पण त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि चांगुणाच्या मते जे नाही नसतं ते हो असतं.

कामाला लागल्यावर कळलं की तिला त्यातलं ओ का ठो येत नाही. काच कधीच फुटलेली. उंदरांनी खटक्याच्या नळीत घर केलं होतं, स्प्रिंग मेलेल्या आळीसारखी लांबून पडली होती. दहांतल्या सात गोळ्या शिल्लक. खिळे गंजून फळीचाच भाग झालेले. ते काढायला तिनं चुलीजवळची सांडशी घेतली, पहिल्याच खिळ्याला सांडशीचं एक टोक वाकलं, आणि गीताबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

मग ती गल्लीच्या टोकाला सहदेव मिस्त्रीकडे गेली. सहदेव सुतार, सत्तरीचा, बैलगाड्यांची चाकं करणारा. त्यानं पकड दिली, स्प्रिंग तापवून आखडून दिली, पेटी सपाट उभी आहे का ते परातीत पाणी घालून कसं पाहायचं ते दाखवलं. आठवड्यानं चांगुणा डबा वाजवत आली. "मिस्त्रीबाबा, सारे खिळे निघाले. एकशे बेचाळीस."

सहदेवनं रंधा थांबवला. "नकाशा काढला होता काय?"

"कायचा नकाशा?"

"खिळे कुठी कुठी होते त्याचा. वरून कागद ठेवून दाबला की खिळे कागदातून वर येतात. मंग काढायचे खिळे."

"मंग काय झालं? भोकं आहेत ना. भोक तथी खिळा."

"बरं," सहदेव म्हणाला. "रॉकेल तं नाई लावलं ना फळीले?"

लावलं होतं. भरपूर. फळी स्वच्छ व्हावी म्हणून अर्धी बाटली ओतून चिंधीनं रगडलं होतं. फळीवर रंगवलेलं हिरवं पाणी आणि त्यातलं जहाज एकमेकांत मिसळून शेवाळ झालं होतं. सहदेवनं नुसती मान हलवली आणि पुन्हा रंधा धरला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती खिळे ठोकायला बसली. दुपार कलली तेव्हा डब्यात दोन खिळे उरले. फळीवर मात्र चार भोकं उरली होती, चारही मोठ्या भोकाच्या तोंडाशी. एक जोडी बाहेरची, एक जोडी आतली, बोटाच्या पेराएवढ्या अंतरानं.

तिनं आधी बाहेरच्या जोडीत खिळे बसवले. खटका ओढला. पहिली गोळी कंगव्यात गेली, दुसरी खाली वाहून गेली, अकराव्या का बाराव्या खेपेला गोळी मधल्या खिळ्याला लागून वळली, दोन्ही खिळ्यांमधून सुळकन आत शिरली आणि मोठ्या भोकात पडली. चांगुणा कोठ्यातच दोन पायांवर नाचली. शेळी उठून उभी राहिली.

आता पुराव्यासाठी म्हणून तिनं खिळे काढून आतल्या जोडीत घातले आणि गोळी हातानंच त्यांच्या मधे ठेवली. गोळी गेली नाही. तिनं बोटानं दाबली. गोळी दोन खिळ्यांच्या मधे दातात अडकल्यासारखी बसून राहिली.

कोणती जोडी खरी?

तिनं वाकून पाहिलं, आणि पाहिल्यावर वाटलं, पाहायला नको होतं. आतल्या भोकांच्या कडेला बाकीच्या सगळ्या भोकांसारखाच गंजाचं लाल कडं होतं. बाहेरच्या भोकांत गंज होता, पण खोल, आणि त्यावर काहीतरी पिवळट चिकटलं होतं. नखानं खरवडलं. मेण आणि लाकडाचा भुसा. कुणीतरी जुनी भोकं बुजवून वरून हिरवा रंग दिला होता. तिच्या रॉकेलनं मेण विरघळलं होतं.

म्हणजे जत्रेत खिळे आत होते. म्हणजे घड्याळ कुणालाच लागणार नव्हतं. आणि ते घड्याळ, तिला आत्ता लक्षात आलं, तेच होतं जे घरात चुलीच्या वर भिंतीला टांगलं होतं, ज्याच्याकडे बघून ती रोज शाळेला निघायची.

सोमवारी पुष्पीनं विचारलं, "काय वं, विचारलं काय?"

"नाई विचारलं," चांगुणा म्हणाली.

"मी म्हटलंच होतं," विमल म्हणाली. "मांजर."

चांगुणानं पैजेची बोरं दोघींना देऊन टाकली. दोनशे लोकांसमोर बोललेली मुलगी त्या आठवड्यात वर्गात एकदाही हात वर करून उठली नाही. मोठमायचं बरोबर होतं, हे एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. मोठमायनं पाणी दिलं नाही ते बरोबर होतं.

स्नेहसंमेलनाची गोष्ट संपली होती. आता ती चार भोकं कायमची बुजवावी, फळीचं निदान टेबल तरी करावं, म्हणून ती फळी डोक्यावर घेऊन सहदेवकडे गेली. सहदेवनं चष्मा वर केला, फळी उन्हात धरली आणि आतल्या भोकांवरून अंगठा फिरवला.

"हे कोनं पाडले?"

"मोठबानं," चांगुणा म्हणाली. तोंडातून निघताना ते नाव कडू लागलं.

"जानरावनं? त्याच्यापाशी गिरमीट होतं. माह्याच दुकानातून नेलं होतं, फळीची बाकी भोकं त्यानं पुन्हा खोल केली तेव्हा मी होतो. गिरमिटाचं भोक गोल पडते. हे पाह्य. चौकोनी आहे."

"मंग?"

"मंग काई नाई. सुताराचं भोक नोहे हे. असं भोक चामड्यात पाडतात, जिनातल्या पट्ट्यात. मशिनीचा पट्टा तुटला की दोन टोकं वादीनं शिवतात, त्याच्यासाठी चौकोनी टोच्या असते." सहदेव बोलता बोलता थांबला. त्यानं चांगुणाकडे पाहिलं, मग फळी खाली ठेवली. "म्हातारा झालो मी. दिसत नाई नीट. जा घरी."

पण त्याला दिसलं होतं आणि तिलाही. मोठबांनी जिनात एक दिवस काम केलं नव्हतं. जिनात कोण होतं ते सांगायची गरज नव्हती.

किसनरावांची हत्याराची पिशवी दाराआड खिळ्याला असे. त्यांना फिटर केलं त्याच्या आधी ते पाच वर्षं पट्टे शिवायच्याच कामावर होते. टोच्या पिशवीच्या तळाशी मिळाला, मूठ हातानं गुळगुळीत झालेली. चांगुणानं तो पहिल्या भोकात घातला, मग दुसऱ्या. दोन्हीत बसला. हलला नाही, डुगडुगला नाही.

रविवारी जिन बंद. किसनराव अंगणात सायकलीच्या साखळीला तेल देत होते, गीताबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. चांगुणानं फळी आणून त्यांच्यासमोर भिंतीला टेकवली. टोच्या भोकात तसाच होता. ती काही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की बोललं तर काम बिघडेल.

किसनरावांनी फळीकडे पाहिलं. तेलाची कुपी हातात तशीच तिरपी राहिली आणि तेल मातीत पडत राहिलं.

"रॉकेल लावलं असन," ते शेवटी म्हणाले.

"हाव."

"मेन होतं ते. मेनबत्तीचं." त्यांनी कुपी ठेवली. "पहिलं घड्याळ एका म्हातारीनं जिंकलं, मोताळ्याच्या बाजारात. दादानं सोता तिच्या टोपल्यात ठेवून देल्लं आन हसत राह्यला. जिनाचा हंगाम संपला होता, महिनाभर आम्ही दोघं पेटी ओढत फिरलो होतो, बैल लंगडा झाला होता, आन हा हसून राह्यला. मले राग आला. दुसरं घड्याळ आणलं तेव्हा मी खिळे सरकवले."

"त्याहीले माहीत नव्हतं?"

"त्यानं फळीकडं कधी पाह्यलंच नाई. गोळी सुटली की तो लोकाईच्या तोंडाकडं पाहे. त्याच्यातच त्याले मजा होती."

"आन जत्रेत?"

गीताबाईंचं सूप थांबलं. "पुरे झालं, चांगू," त्या म्हणाल्या. चांगुणाच्या लक्षात आलं की आई दचकली नव्हती, तिला यातलं काहीच नवं नव्हतं.

"विचारू दे," किसनराव म्हणाले. "एकानं काच काढली. गोळी हातानं ठेवून दाखवली, जात नाई म्हणून. दादानं त्या गोळीकडं पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं. मंग हात जोडले आन लोकाईले म्हने, पेटी माही आहे." त्यांनी साखळीवरून बोट फिरवलं. "आपल्या जातीच्या माणसाची पेटी जत्रेत मधोमध उभी, त्याचा काहीकाईले आधीच राग होता. हात शिवशिवत होते त्याहीचे. निमित्त पायजे होतं, ते मी देल्लं."

"तुम्ही कुठी होते?"

"गाडीच्या मागं."

"आन नंतर? दोन महिने बाजेवर होते ते."

"त्यानं एकदाई विचारलं नाई. मी पाय दाबायचो रोज. तो डोळे मिटून राहे. विचारलं असतं तं मी सांगतलं असतं."

चांगुणाला ते खोटं वाटलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. तिच्या डोळ्यांसमोर बाज आली नाही, मार आला नाही. आली ती मेहकरची भिंत, आणि तवा घासणारा एक हात. बाजेपाशी एक भाऊ पाय दाबत होता, बायको तोंड फिरवून बसली होती, आणि चार वर्षांची पोर पाण्याचा गिलास नेत होती. मधे एक वाक्य होतं, जे कुणीही बोललं असतं तर ते दोन महिने वेगळे गेले असते.

"मोठमाय त्याहीले पानी देत नव्हती," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुम्ही पाहत होते."

किसनरावांनी तेलकट हात मातीनं चोळायला सुरुवात केली, आणि चोळतच राहिले.

"ऐक चांगू," गीताबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज जड नव्हता, घाबरलेला होता. "अकरा वर्स झाले. माणूस गेला. तानाबाईनं तिकडं तिचं बस्तान बसवलं, दोन घास सुखाचे खाते. तिले आता सांगून काय होईन? नवऱ्यावर रागावून जगली ते, आता सोतावर रागावून जगन. आन तुह्या बापाले इथं कोन उभं करन? उद्या तुलेई सोयरीक पाहाची आहे. लोकं काय म्हनतीन?"

हे सगळं खरं होतं. चांगुणानं ते एकेक तपासून पाहिलं, भाषणाआधी मुद्दे तपासायची तशी, आणि एकही मुद्दा खोडता येईना. मोठमायला कळलं तर ती कोसळेल. कदाचित या घराचं तोंड कधीच पाहणार नाही. किसनरावांकडे पाहिलं तर ते अकरा वर्षांत म्हातारे झालेले दिसत होते, आणि हे तिला आजच दिसलं होतं. तिला त्यांची कीव आली. कीव आली म्हणून राग गेला, असं मात्र झालं नाही.

तिनं फळी उचलून कोठ्यात नेऊन ठेवली, टोच्या काढून पिशवीत टाकला, हात धुतले आणि परत आली. दोघंही होते तिथंच होते. खामगावला मंचावर उभी राहिली होती तशी ती दोघांसमोर उभी राहिली. आवाज नेहमीसारखाच निघाला.

"मी येत्या रविवारी पहिल्या गाडीनं खामगावले जातो, तथून मेहकरले. मोठमायले सारं सांगतो, तुह्या नवऱ्यानं कोनाले फसवलं नाई म्हणून. ते मले हाकलून देईन तं देऊ दे, रडली तं मी तिच्यापाशी राहीन. बाबा, तुम्ही संगं आले तं तुम्ही सांगा, मी तोंड उघडणार नाई. नाई आले तं मी सांगतो. पन रविवारी तिले कळन, हे मी ठरवलं आहे."